समजलं नाही, पुन्हा सांग

१९१५ साल. बडोद्यात गीतेवर प्रवचनं चालू होती आणि रुक्मिणीबाई भावे ती ऐकायला जात होत्या. एके दिवशी घरी येऊन त्यांनी मुलाला सांगितलं, संस्कृत गीता काही कळत नाही, मराठीतली आणून दे. मुलानं एक गद्य भाषांतर आणलं. त्यांना पद्य हवं होतं. म्हणता यावं, पाठ व्हावं असं. मग त्यानं वामनपंडितांची समश्लोकी आणून दिली. थोडे दिवस गेले आणि आई पुन्हा समोर उभी. हीसुद्धा अवघडच आहे, म्हणाली. याहून सोपी मिळत नाही, असं मुलानं सांगितल्यावर तिनं विचारलं, मग तूच का नाही करत?

मुलाचं नाव विनायक. आईच्या तोंडी विन्या, पुढे साऱ्या देशाच्या तोंडी विनोबा. जन्म ११ सप्टेंबर १८९५, गाव गागोदे, तालुका पेण.

हा प्रसंग मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्या तीन मागण्यांपाशी अडखळते. फार न शिकलेली एक बाई. तिला एक गोष्ट कळली नाही. अशा वेळी आपल्याकडे हात जोडायचे, कानांवर पडलं हेच पुण्य म्हणायचं आणि घरी येऊन कुकर नाहीतर चूल गाठायची, ही रीत. रुक्मिणीबाईंनी आधी भाषा बदलून मागितली, मग रूप बदलून मागितलं आणि शेवटी पुस्तकच नवं मागितलं. बायकांच्या अभ्यासमंडळाचा इतिहास म्हटला की आपण स्थापनेची तारीख शोधतो, पहिल्या अध्यक्षा शोधतो, भिंतीवरची संगमरवरी पाटी शोधतो. पेण-रोह्याकडच्या या इतिहासाची सुरुवात मला ‘समजलं नाही’ या दोन शब्दांत दिसते. ते मोठ्यानं म्हणायला बाईला काय काय लागतं आणि म्हटल्यावर काय काय घडतं, हे बघत गेलं तर थक्क व्हायला होतं.

पनवेलहून कोकणात उतरणारी गाडी हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी करत रोह्याला येते. रोह्यापर्यंत मध्य रेल्वे, तिथून पुढे कोकण रेल्वे. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका. पेण म्हटलं की गणपतीचे कारखाने आणि पोह्याचे पापड. रोहा म्हटलं की धावीर महाराजांची पालखी. दोन्ही मध्यम आकाराची तालुक्याची गावं. आता हे बघा. रेमन मॅगसेसे पुरस्कार १९५८ साली सुरू झाला. त्या पहिल्याच वर्षी सामुदायिक नेतृत्वाचा पुरस्कार मिळाला विनोबांना, म्हणजे गागोद्याच्या मुलाला. दुसऱ्या वर्षी, १९५९ साली, शासकीय सेवेचा मिळाला चिंतामणराव देशमुखांना. ते महाडजवळच्या नात्यात जन्मले, पण त्यांचे वडील द्वारकानाथ रोह्याला वकिली करत आणि घर रोह्याचं. १९९६ साली पुन्हा सामुदायिक नेतृत्वाचा पुरस्कार आला तो पांडुरंगशास्त्री आठवल्यांकडे. जन्म रोहा, १९ ऑक्टोबर १९२०. भाताची खाचरं आणि खाडी यांच्यामधल्या एवढ्याशा पट्ट्यात तीन मॅगसेसे! आणि तिघांच्याही कामाच्या मुळाशी अभ्यास आहे, तोही एकट्यानं खोलीत बसून करायचा नव्हे, तर इतरांना बरोबर घेऊन करायचा. मला त्यांच्याभोवतीच्या बायकांबद्दल सांगायचं आहे.

त्याआधी थोडं मागे जायला हवं, कारण ‘अभ्यासमंडळ’ हा शब्द येण्याच्या कितीतरी आधी ती गोष्ट कोकणातल्या माजघरात होती. तिला पोथी म्हणत. चातुर्मास लागला की कुणाच्या तरी ओटीवर पोथी लागायची. पाट, त्यावर पोथी, शेजारी समई. वाचता येणारी एक, ऐकणाऱ्या दहा-बारा. श्रीधरस्वामींचं ‘शिवलीलामृत’ बारामतीला १७१८ साली पूर्ण झालं. त्याचा अकरावा अध्याय तर अनेक घरांत रोजचा. पुस्तक एक, डोळे एका बाईचे आणि कान बाकी सगळ्यांचे. आता यातली गंमत अशी की वर्षानुवर्षं तेच ऐकून न वाचता येणाऱ्या बायकांनाही अध्यायच्या अध्याय पाठ असत. वाचणारीची ओळ चुकली, एखादं पान जास्त उलटलं गेलं, तर अक्षरओळख नसलेली म्हातारी तिला थांबवे. निरक्षर बाई साक्षर बाईची चूक दुरुस्त करते आहे, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून बघा. ज्ञान डोळ्यांतून येतं ही आपली समजूत किती अलीकडची आहे!

जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एक लाख! हे ग्रंथालय कुठल्याही कपाटात नव्हतं. पहाटे दळताना दोघी समोरासमोर बसत, एकीनं म्हणायचं, दुसरीनं पुढे न्यायचं. ज्ञानेश्वरांनी १२९० च्या सुमारास गीता मराठीत आणली तेव्हा जो छंद हाती घेतला तो ओवीच होता. त्या ओवीची बहीण जात्यावर बसलेली होती, हे ‘ज्ञानेश्वरी’ उघडताना मला नेहमी आठवतं.

पण पोथीत एक अडचण होती. तिथं ऐकायचं, डोलायचं, पाठ करायचं, विचारायचं नाही. पोथी सांगणारा पुरुष असला तर नाहीच नाही. शिवाय काही पोथ्या बायकांनी वाचायच्याच नाहीत, असाही दंडक. पोथीचं अभ्यासमंडळ व्हायला तिथं प्रश्नाला जागा मिळायला हवी होती. त्यासाठी वेगळं जाजम लागलं.

ते पुण्यात पसरलं गेलं. १८५२ च्या जानेवारीत सावित्रीबाई फुल्यांच्या पुढाकारानं तिळगुळाचा समारंभ झाला. निमंत्रणात स्पष्ट लिहिलं होतं की कुठल्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू सारखंच लावलं जाईल. आजच्या कुठल्याही हळदीकुंकवाला बसताना हे आठवावं. त्या काळी एका जाजमावर बसणं हीच क्रांती होती, वाचन-बिचन नंतर.

तीस वर्षांनी, १८८२ साली, पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या आईला, लक्ष्मीबाईंना, रमाबाईंच्या वडिलांनी समाजाचा विरोध पत्करून संस्कृत शिकवलं होतं आणि आईनं ते लेकीला दिलं. रमाबाईंनी आर्य महिला समाज स्थापन केला. त्या सभांना जाणाऱ्या तरुण मुलींत होत्या रमाबाई रानडे. अकराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या, नवऱ्याकडून पाटीवर मुळाक्षरं शिकलेल्या, आणि त्या शिकण्यापायी घरातल्याच बायकांचे टोमणे सोसलेल्या. त्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाल्या. त्या वाचताना जाणवतं की नवऱ्यानं शिकवलं तरी बाई घरात एकटीच पडत होती; तिला तिच्यासारख्या आणखी चार जणी हव्या होत्या. त्या तिला सभेत भेटल्या. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं ते अशाच चौघी-पाचजणींच्या आधारावर.

आपल्या बाजूला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, (‘रायगड’ हे नाव १९८१ चं), एक मुलगी अशा सोबतीविना शिकत होती. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव टपालखात्यात. कल्याणहून त्यांची बदली अलिबागला झाली. घरच्यांच्या नजरेआड बायकोला शिकवता यावं हा त्यांचा हेतू. पेणपासून फार दूर नसलेल्या त्या समुद्रकाठच्या गावात आनंदीबाई पुस्तक घेऊन बसायच्या. ११ मार्च १८८६ ला त्या अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयानं गेल्या. त्यांचं चरित्र लिहिलं काशीबाई कानिटकरांनी, ज्या स्वतः लग्नानंतर धडपडत वाचायला शिकल्या होत्या. अलिबागेत आनंदीबाईंच्या शेजारी पुस्तक उघडून बसणारी दुसरी एखादी मुलगी असती तर, असा विचार माझ्या मनात येतो. त्याला उत्तर नाही, पण तो जात नाही.

आता पुन्हा रुक्मिणीबाईंकडे.

आईनं ‘तूच कर’ म्हटल्यावर विन्यानं लगेच केलं नाही. १९१६ साली त्यानं शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं आईच्या चुलीत जाळली, आणि २५ मार्चला परीक्षेसाठी मुंबईला निघालेला मुलगा मधेच सुरतेला उतरून काशीच्या गाडीत बसला. २४ ऑक्टोबर १९१८ ला इन्फ्लुएंझाच्या साथीत रुक्मिणीबाई गेल्या. अंत्यसंस्कार भटजींकरवी नकोत, मी स्वतः करीन, असं विनोबांचं म्हणणं होतं. ते मानलं गेलं नाही तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत, घरी राहिले, आणि त्या दिवसापासून त्यांनी वेदांच्या अध्ययनाला सुरुवात केली. आई गेली त्या दिवशी मुलानं पुस्तक उघडलं.

गीता मात्र अजून व्हायचीच होती. ७ ऑक्टोबर १९३० ला वर्ध्यात पहाटेच्या प्रार्थनेनंतर त्यांनी ती लिहायला घेतली आणि ६ फेब्रुवारी १९३१ ला ती संपली. नाव ठेवलं ‘गीताई’. आईच्या मागणीला पंधरा वर्षं झाली होती, आईला जाऊन बारा.

या कामाची अवघड बाजू समजून घेतली की त्या मागणीचं वजन कळतं. गीतेचे श्लोक सातशे, बहुतेक अनुष्टुभात. चार चरण, चरणाला आठ अक्षरं, म्हणजे श्लोकाला बत्तीस. संस्कृतात विभक्ती शब्दाच्या पोटातच असते, समास करून चार शब्दांचा एक करता येतो, संधी करून जागा वाचवता येते. त्यामुळे बत्तीस अक्षरांत खूप मावतं. मराठीला ‘च्या’ लागतं, ‘साठी’ लागतं, ‘मध्ये’ लागतं, ‘आहे’ लागतं. तेवढ्याच बत्तीस अक्षरांत, त्याच चालीवर, काही न गाळता आणि संस्कृत न येणाऱ्या बाईला कळेल अशा शब्दांत श्लोक बसवायचा, म्हणजे मोठ्या घरातला संसार तेवढ्याच आकाराच्या पेटीत भरायचा आणि वर प्रत्येक वस्तू हात घालताच सापडली पाहिजे. वामनपंडितांनी सतराव्या शतकात हे केलं होतं, पण त्यांची मराठी संस्कृतातून फारशी बाहेर आली नव्हती. रुक्मिणीबाईंचा कान तिथंच अडला. त्यांचं निदान अचूक होतं, असं मला वाटतं.

मग त्यापुढची गोष्ट घडली, आणि या लेखापुरती तरी ती मला सगळ्यात मोठी वाटते. छापण्याआधी विनोबांनी गीताई आश्रमातल्या मुलींना शिकवून पाहिली. मुली कुठं अडतात याची टिपणं ठेवली आणि जिथं अडल्या तिथं ओळी बदलल्या. वेदोपनिषदांचा गाढा अभ्यासक आपल्या ग्रंथाची परीक्षा शाळकरी मुलींकडून करून घेतो! पंडितांचं मत नंतर. ज्या बाईनं पहिल्यांदा ‘समजलं नाही’ म्हटलं ती हयात नव्हती, म्हणून तिच्या जागी त्यांनी मुलींना बसवलं, असं मी समजते. आज आपण गीताई म्हणतो तेव्हा त्यातल्या काही शब्दांवर त्या मुलींची खूण आहे. कुठल्या शब्दांवर, हे सांगता येत नाही, आणि त्या मुलींची नावं मुखपृष्ठावर नाहीत. पण त्यांचं ते मंडळ होतं, आणि त्यांनी एक ग्रंथ सुधारला.

१९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक, असं अठरा अध्यायांवर ते बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं. ‘गीता प्रवचने’ ती हीच. गीताईची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी बाहेर आली. पुढे वर्ध्याच्या गोपुरीत गीताई शिळांवर कोरून उभी केली गेली. पण माझ्या डोळ्यांसमोर शिळा येत नाहीत; रायगडातल्या बायकांच्या पिशवीतली, कोपरे दुमडलेली, हळदीची बोटं उमटलेली छोटी गीताई येते. भजनाला निघताना पेटी-टाळांबरोबर तीही उचलली जाते.

रुक्मिणीबाईंची आणखी एक आठवण विनोबा सांगत. मी पुरुष असते तर वैराग्य काय असतं ते दाखवलं असतं, अशा अर्थाचं काही त्या मुलाला म्हणाल्या होत्या. या वाक्यातली तळमळ मुलाच्या मनात रुतून बसली असली पाहिजे. २५ मार्च १९५९ ला, म्हणजे गृहत्यागाच्याच तारखेला, त्यांनी पवनारला धाम नदीच्या काठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. स्त्रियांसाठी. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून बायका तिथं आल्या. एकत्र अध्ययन, शेती, स्वयंपाक, छपाई. ‘मैत्री’ नावाचं मासिक. संस्थेला प्रमुख नाही. निर्णय सगळ्यांच्या सहमतीनं घ्यायचा. एकीला पटलं नाही तर थांबायचं, बोलायचं, पुन्हा बोलायचं. बहुमतानं गप्प बसवायचं नाही. शतकानुशतकं ब्रह्मविद्येच्या दारात बायकांना उभं राहू न देणाऱ्या देशात बायकांनीच चालवलेलं ब्रह्मविद्येचं घर, आणि त्याची बी पेण तालुक्यातल्या एका आईच्या मनात. हे लिहिताना माझ्या अंगावर काटा येतो.

रोह्याची कथा निराळ्या वाटेनं जाते, पण तीही गीतेपाशीच निघते. पांडुरंगशास्त्री आठवल्यांचे वडील वैजनाथशास्त्री यांनी १९२६ साली मुंबईत माधवबागेत गीता पाठशाळा सुरू केली. १९४२ पासून पांडुरंगशास्त्री तिथं बोलू लागले आणि त्यातून स्वाध्याय परिवार वाढला. ‘स्वाध्याय’ म्हणजे आपला आपण, आपल्या स्वतःचा अभ्यास. कोकणातल्या आगरी-कोळी वस्त्यांतून, आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी, हातातलं काम उरकून पदर सावरत निघालेल्या बायका ‘केंद्राला जाते’ म्हणून सांगतात. तिथं त्या ऐकतात, आणि स्वतः उभ्या राहून बोलतातही. चार माणसांत तोंड उघडायची सवय कित्येकींना तिथं पहिल्यांदा लागली. आज त्या परिवाराचं नेतृत्व धनश्री तळवलकर, म्हणजे दीदी, करतात.

आणि मग दुर्गाबाई.

चिंतामणराव देशमुख म्हणजे आय.सी.एस. परीक्षेत पहिले आलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री, कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठीत आणणारे. रोह्याच्या महाविद्यालयाला त्यांचं नाव आहे. २२ जानेवारी १९५३ ला दिल्लीत त्यांनी दुर्गाबाईंशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. साक्षीदार म्हणून सही केली पंडित नेहरूंनी. अशा रीतीनं आंध्रातल्या राजमहेंद्रीची एक बाई रोह्याच्या देशमुखांची सून झाली. आपल्याकडे तिची ओळख बहुतेक इथंच संपते. ती इथून सुरू व्हायला हवी.

दुर्गाबाईंचं लग्न आठव्या वर्षी लावून दिलं होतं. मोठं झाल्यावर त्यांनी ते नाकारलं. इंग्रजी माध्यम लादलं म्हणून शाळा सोडली, पण शिकणं सोडलं नाही. स्वतः शाळकरी वयाच्या असताना काकीनाड्यात बायका-मुलींसाठी हिंदीची पाठशाळा काढली. लहान मुलगी शिकवते आहे आणि तिच्या आईच्या वयाच्या बायका गिरवताहेत. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांना तुरुंगवास झाला. तिथं त्यांना साध्या गुन्हेगार बायका भेटल्या. कुणाला कोर्टात काय विचारलं गेलं ते कळलं नव्हतं, कुणी न केलेला गुन्हा कबूल करून बसली होती. आपण कोणत्या कायद्यानं आत आहोत हेच ठाऊक नाही. ‘समजलं नाही’ म्हणायची सोयच जिथं नाही, तिथं न समजण्याची किंमत वर्षांत मोजावी लागते. दुर्गाबाईंनी तिथं ठरवलं की आपण कायदा शिकायचा.

पण त्यांची तर मॅट्रिकसुद्धा झालेली नव्हती. त्या घरी अभ्यास करून बनारस हिंदू विद्यापीठाची मॅट्रिक झाल्या, मग बी.ए., एम.ए., आणि १९४२ साली वकील. मधल्या काळात मद्रासमध्ये त्यांनी आसपासच्या मुली जमवून त्यांना याच बनारसच्या परीक्षेला बसवायला सुरुवात केली. त्या शिकवणीच्या घोळक्यातून १९३७ साली आंध्र महिला सभा उभी राहिली. आज तिची रुग्णालयं आहेत, महाविद्यालयं आहेत. सुरुवात मात्र एवढीच होती : शाळा सुटलेल्या काही मुली, आणि स्वतः नुकतीच तो डोंगर चढून आलेली एक ताई.

दुर्गाबाई संविधान सभेवर गेल्या. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. आणि १९५८ साली त्या मंडळानं प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त शिक्षणक्रम सुरू केले. कल्पना साधी होती. शाळा अर्धवट सुटलेल्या बाईला पुन्हा पाचवीच्या बाकावर, दहा वर्षांच्या मुलांशेजारी, बसवायचं नाही. तिला संसाराचा हिशेब येतो, माणसं ओळखता येतात, काळ-काम-वेग ती रोज जगते. तेव्हा लहान मुलाला जे शिकायला कित्येक वर्षं लागतात ते तिला दोन वर्षांत शिकता येईल. तेवढ्यात परीक्षेला बसवायचं आणि पुढे परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका, बालसेविका होण्याचा रस्ता मोकळा करायचा. खेड्यात काम करायला शिकलेल्या बायका मिळत नव्हत्या आणि खेड्यातल्या बायकांना शिक्षण मिळत नव्हतं. दुर्गाबाईंनी ही दोन टोकं एकत्र बांधली. परित्यक्ता, विधवा, लवकर लग्न झालेल्या अशा कितीतरी जणी या वर्गांतून पांढरी साडी नेसून दवाखान्यात किंवा हातात हजेरीपट घेऊन शाळेत गेल्या. कुठल्याही पुस्तकात ही योजना एका परिच्छेदात संपते. मला तिच्यात दुर्गाबाईंचं अख्खं आयुष्य दिसतं. जी वाट त्यांनी स्वतः झाडं तोडत काढली, ती त्यांनी सडक करून मागच्यांना दिली.

विनोबांची गीताई आणि दुर्गाबाईंचे वर्ग यांत वरवर काही साम्य नाही. एक मोक्षाकडे नेणारी, दुसरी नोकरीकडे. तरी दोन्हीकडे एकच गोष्ट घडलेली दिसते. शिकणारी बाई अडली तेव्हा तिला ‘तू बदल’ म्हटलं गेलं नाही. शिकवायची वस्तू बदलली गेली. ओळ बदलली, माध्यम बदललं, अभ्यासक्रमाची लांबी बदलली.

आजच्या पेण-रोह्यात हे कुठं दिसतं? मला ते बचत गटाच्या बैठकीत दिसतं. १९९२ साली नाबार्डनं बँका आणि बचत गट जोडायचा प्रयोग पाचशे गटांपासून सुरू केला; आता गट नाही असं गाव सापडणं कठीण. दहा ते वीस बायका. पंचसूत्री ठरलेली : नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्ज, वेळेवर परतफेड, आणि लिहून ठेवलेला हिशेब. या पाचातलं शेवटचं सूत्र मला सगळ्यात ओढ लावतं. कारण हिशेब लिहायला कुणाला तरी लिहिता यावं लागतं, आणि लिहिलेलं खरं आहे का हे बघायला बाकीच्यांना ते वाचता यावं लागतं. अंगठ्याच्या जागी सही करायची म्हणून नातीच्या पाटीवर स्वतःचं नाव गिरवणारी आजी कुठल्याही साक्षरता वर्गाला गेलेली नसते.

विनोबांच्या आईची एक गोष्ट अशी की तिनं देवाला लाख तांदूळ वाहायचं ठरवलं आणि ती एकेक दाणा मोजत बसे. वडील म्हणाले, एक तोळा तांदूळ मोज, मग बाकीचे वजनावर घे, हिशेब सोपा होईल. तिला काय उत्तर द्यावं सुचेना. संध्याकाळी विन्याला विचारलं. तो म्हणाला, हा प्रश्न गणिताचा नाही, प्रत्येक दाण्याबरोबर देवाची आठवण होते, तेव्हा एकेकच मोज. मी बचत गटाची बैठक बघते तेव्हा मला ते तांदूळ आठवतात, कारण इथंही एकेक मोजलं जातं आणि इथं प्रश्न गणिताचाच असतो.

समजा पापडाचं यंत्र घ्यायला एकीला दहा हजार हवे आहेत. गटाचं व्याज शेकडा दोन. नव्या बाईला वाटतं, दोन टक्के म्हणजे काहीच नाही. शेजारची सांगते, बाई गं, दरमहा शेकडा दोन, वर्षाला चोवीस. मग पुढचा प्रश्न येतो : दहा हप्त्यांत फेडायचं, दर महिन्याला हजार; तर व्याज कशावर? मूळ दहा हजारांवर की उरलेल्या रकमेवर? सचिव वही फिरवून सगळ्यांच्या समोर धरते. कुणीतरी डबीतून चिंचोके काढून जाजमावर मांडते, दहा चिंचोके म्हणजे दहा हजार. पहिल्या महिन्याला व्याज दोनशे. एक चिंचोका उचलला, नऊ उरले, एकशे ऐंशी. आणखी एक उचलला, एकशे साठ. असं करत शेवटच्या एकट्या चिंचोक्यावर वीस. सगळी बेरीज अकराशे. मूळ रकमेवरच लावलं असतं तर दहा महिन्यांचे दोन हजार. नऊशे रुपयांचा फरक, आणि तो आता जाजमावर डोळ्यांना दिसतो आहे.

मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी इतका वेळ गप्प होती. ती पुढे सरकते आणि म्हणते, मला नाही समजलं, पुन्हा सांग. सचिव चिंचोके गोळा करते आणि पुन्हा दहा मांडते.